अल कुसैसच्या सलूनमधले चार आवाज

परत आल्यापासून मिरजेत जो भेटतो तो एकच विचारतो: दुबईतली ती उंच इमारत पाहिलीत का, वर गेलात का. पाहिली. रस्त्यातून जाताना धुरकट हवेत उभी दिसायची आणि माझा धाकटा भाऊ अविनाश स्टिअरिंग न सोडता हनुवटीनं दाखवायचा, "दादा, ती बघ." वर जायचं मात्र राहून गेलं. अठरा दिवस मी तिकडे होतो आणि त्यातले बरेचसे एका केस कापायच्या दुकानात, एका बाईंच्या स्वयंपाकघरात आणि एका शाळेच्या सभागृहात गेले. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी गणिताचा मास्तर, आता निवृत्त. आमचं घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीला लागून. लहानपणापासून दिवसभर कोणीतरी तार पिळतंय, कोणीतरी जवारी लावतंय, हे कानावर पडत राहिलं. त्यामुळे कान तयार झाला. गळा झाला नाही. बारा वर्षं शिकलो आणि शेवटी भजनात मागे धरणाऱ्यांत जाऊन बसलो, तिथे सुखात आहे.

अविनाश बत्तीस वर्षं शारजात, एका बांधकाम कंपनीत. यंदा निवृत्त होऊन पुण्याला यायचं ठरलं, तसा त्यानं फोन केला. "दादा, एकदा ये. घर बघ, मग आपण मिळून सामान बांधू." तो तिकडे तिघा मित्रांबरोबर इंग्रजी पद्धतीचं काहीतरी गातो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी त्यांना एक कप मिळाला, त्याचा फोटो आईला आला होता. आम्ही त्याला 'अवीचं विलायती भजनी मंडळ' म्हणायचो. गाणं कोणीही ऐकलेलं नव्हतं. त्यानंही कधी ऐकवलं नाही.

अल नहदा, शारजा

अल नहदा म्हणजे एकमेकींच्या खिडक्यांत डोकावणाऱ्या इमारती. अविनाशचं घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून समोर जो रस्ता दिसतो त्याच्या पलीकडे दुबई. सकाळी साडेसहापासून तो गाड्यांनी भरून जातो. लिफ्टमध्ये बारा देशांची माणसं आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी, जिला व्याकरण नाही पण अडत कोणाचंच नाही. फेब्रुवारी असल्यामुळे हवा आपल्याकडच्या दिवाळीसारखी होती. अविनाशची बायको मेधा सकाळी पोहे करायची आणि गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता तोडताना म्हणायची, "एवढं झाड पुण्याला नेता आलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी खोकी आणली. पुस्तकांच्या कपाटापाशी अविनाश एक जुनी फाइल उघडून बसला तो तासभर उठेना. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, ऑफिसचे कागद." कागदांवर स्वरलिपीच्या रेघा मला दुरून दिसत होत्या.

तो खाली गेल्यावर मेधानं सांगितलं. "दुबईत ऊद मेथाच्या शाळेत हे चौघे पंधरा वर्षं मुलांना गाणं शिकवायला जायचे. यांचं शारजा सुटतंय हे कळल्यावर शाळेनं बोलावलंय. म्हणतात, जाण्याआधी चौघांचं ते गाणं एकदा ऐकवा. आणि चौघे आहेत कुठे? सदाभाऊंना जाऊन दोन वर्षं झाली."

"दुसरं कोणी नाही का मिळत?"

"तेव्हाच दोघांना आणलं होतं. एक फिलिपिनो होता, इतका छान गायचा. जमलं नाही. कोणाचंच जमलं नाही. आणि सदाभाऊंच्या बायकोला ते बाहेरून कळलं. त्या तीन इमारती सोडून राहतात, दादा. हे दोन वर्षांत एकदाही त्यांच्याकडे गेले नाहीत."

अल कुसैस

शनिवारी सकाळी अविनाश म्हणाला, "चल, केस वाढलेत तुझे." माझ्या डोक्यावर वाढण्यासारखं फारसं काही नाही, तरी मी गेलो.

अल कुसैस दुबईत, पण शारजाच्या कुंपणाला टेकलेलं. एका बाजूला गोदामं आणि गॅरेजं, दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांची वस्ती. तिथे किराणा दुकान आणि इस्त्रीवाला यांच्यामध्ये इब्राहिमभाई पारकरांचं सलून आहे. आत चार खुर्च्या, चार आरसे. आरशांखालच्या फळीवर एक मोठा चांदीच्या रंगाचा कप, आणि त्यात कंगवे. फोटोतला तोच कप.

"धूळ खात ठेवण्यापेक्षा कामाला लावला," इब्राहिमभाई म्हणाले. माणूस रत्नागिरीकडचा, सडपातळ, पांढरी दाढी नीट कापलेली. स्वतः कधी कात्री धरली नाही; कारागीर ठेवले आणि दुकान चालवलं. "बसा वो दादा. अवीचे भाव म्हणजे आमचे भाव."

कारागिरानं माझ्या तोंडाला फेस लावला आणि इब्राहिमभाईंनी गोष्ट सुरू केली. मला मध्ये बोलता येत नव्हतं हे बरंच झालं.

अमेरिकेत म्हणे पूर्वी न्हाव्याच्या दुकानात नंबर यायची वाट बघणारी माणसं वेळ घालवायला गायची. वाद्य नाही, चार जण, चार वेगवेगळे आवाज. पुढे त्याचीच एक पद्धत झाली, स्पर्धा सुरू झाल्या. वसईचा विल्सन इथे तेलाच्या एका कंपनीत कारकून होता. त्याच्या अमेरिकन साहेबाचा असा चौघांचा संच होता. त्यातला एक मायदेशी गेला तेव्हा साहेबानं चर्चमध्ये गाणाऱ्या विल्सनला ओढलं. तीन वर्षांनी साहेबही गेला आणि उरला एकटा विल्सन, डोक्यात चार जणांचं गाणं घेऊन.

"मग एका शुक्रवारी इथे आला केस कापायला," इब्राहिमभाई सांगत होते. "मी आरसे पुसत गुणगुणत होतो. नाअत, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, म्हणायची सवय, आवाज वर चढायचा. या खुर्चीत तुमचा अवी. तो कारागिराला म्हणाला, 'मागून जास्त बारीक नको,' तर ते एवढ्या खालच्या आवाजात की फळीवरच्या बाटल्या हलल्या. आणि तिथे बाकावर सदा, पेपर वाचत माझ्याबरोबर गुणगुणतोय. विल्सनला वाटलं हा बेसूर आहे. मग त्यानं कान दिला. सदा माझ्या आणि दुकानात चालू असलेल्या रेडिओच्या बरोबर मध्ये कुठेतरी स्वतःचं गात होता. विल्सन उठून उभा राहिला, गळ्याला कापड तसंच. म्हणाला, तुम्ही तिघं कुठे जाऊ नका."

त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी, नमाजाआधी, दुकान बंद ठेवून चौघे गायले. नाव ठेवलं 'फोर चेअर्स'. चार वर्षांनी दुबईतल्या एका हॉटेलात आखातातल्या हौशी गायकांची स्पर्धा झाली. बाकी सगळे गोरे, नाहीतर फिलिपिनो. हे चौघे न्हाव्याचे पांढरे कोट घालून उभे राहिले, कारण सारखे दिसतील असे दुसरे कपडे चौघांकडे नव्हते. पहिले आले. विल्सननं स्वतः रचलेलं गाणं होतं: बोटीवर गेलेल्या माणसाची घरी वाट बघतात त्याबद्दलचं. दोन कडवी इंग्रजीत, तिसरं मराठीत.

माझी दाढी होईपर्यंत विल्सन आले. सत्तरी ओलांडलेले, मुलाच्या व्हिसावर राहतात, हातात काठी. ओळख झाली आणि तिघे आरशांसमोर उभे राहिले. अविनाशनं माझ्याकडे पाहणं टाळलं. साठ वर्षांच्या भावाला माझ्यासमोर गायला संकोच वाटत होता.

गायले. अवीचा खर्ज ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. विल्सनकडे मूळ चाल, तिच्यावर इब्राहिमभाईंचा बारीक आवाज. सुंदर होतं, आणि तरीही मधला एक दात पडल्यासारखं वाटत होतं. हवा तिथून निघून जात होती.

थांबल्यावर विल्सननी मला विचारलं, "काय कमी आहे?"

मी ते जे कुठेच नव्हतं ते नाकातल्या नाकात म्हणून दाखवलं. एकच सूर. विल्सननी काठी भिंतीला टेकवली.

"तुम्ही किती दिवस आहात?"

उरलेले सूर

सदानंद सामंत ज्या आवाजात गायचे त्याला ते लोक बॅरिटोन म्हणतात. विल्सननी समजावलं ते असं: चालीचे सूर एक जण घेतो, वरचे एक, खालचे एक. मग जे कोणीच घेतलेले नाहीत ते उरलेले सगळे सूर चौथ्यानं गायचे. कधी चालीच्या वर, कधी खाली. एकटं म्हटलं तर त्यात गाणं सापडत नाही. ऐकणाऱ्यांनाही तो आवाज वेगळा कळत नाही. तो नसला तरच कळतो.

मला ती लिपी येत नाही, म्हणून अवीनं सगळं सरगमात लिहून दिलं. पाठ करायला मी कच्चा नाही. पण जन्मभर मुख्य गायकाच्या मागे जायची सवय. दोन ओळी झाल्या की गळा आपला विल्सनच्या चालीवर जाऊन बसायचा. मी लिफ्टमध्ये घोकायचो. दुसऱ्या दिवशी पेशावरकडच्या एका तरुणानं मला दंडाला धरलं आणि विचारलं, "अंकल, तबियत ठीक है? किसी को बुलाऊँ?" मी गातोय असं सांगायचा धीर झाला नाही. ठीक है म्हणालो आणि उरलेले चार मजले गप्प उभा राहिलो.

मेधा म्हणाली डोकं थोडं मोकळं करा, म्हणून सोमवारी अवीनं रजा टाकली आणि आम्ही पूर्व किनाऱ्याला खोरफक्कानला गेलो. वाटेतले डोंगर सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला विचित्र वाटतात. झाड नाही, गवत नाही. विटांचा भुगा ओतून ठेवल्यासारखे तपकिरी सुळके, आणि बोगद्यातून बाहेर आलं की एकदम निळा समुद्र. वाटेत अवीनं एका टपरीसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. आतून माणूस धावत आला. मी अवीला रागावलो, चहासाठी कोणी असं बोलावतं का. तो हसला. "इथे हॉर्न नाही वाजवला तर त्याला वाटतं तू पत्ता शोधतोयस." कडक चहा, वेलची घातलेला, कागदी पेल्यात. "दीड दिरहम. म्हणजे पस्तीस रुपये," मेधा मागून म्हणाली. बत्तीस वर्षांनंतरही ती मनातल्या मनात गुणाकार करते.

परतीच्या वाटेवर मी आणि अवी गायलो, तो खालचं, मी मधलं. पुन्हा मी घसरलो. अवीनं गाडीचा वेग कमी केला. "सदा घरी खूप म्हणायचा," तो म्हणाला. "नलिनीवहिनी वैतागायच्या."

"त्यांना विचारू या?"

"मी नाही विचारणार." मग गाडी बोगद्यात शिरल्यावर, "त्याच्या जागी माणसं बघितली आम्ही. महिनाही झाला नव्हता. शाळेचा कार्यक्रम होता म्हणून. आधी त्यांना जाऊन सांगायला हवं होतं, ते नाही केलं. नंतर कोणत्या तोंडानं जाणार."

नलिनीताईंचं स्वयंपाकघर

मेधा मला घेऊन गेली. नलिनी सामंत तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतात. साठीच्या आतबाहेर, ठेंगणी मूर्ती, बोलणं मालवणकडच्या माणसासारखं सरळ. मेधानं मी कोण आणि कशाला आलोय ते सांगितलं.

"तिसरा माणूस आणलात का," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मला जमत नाहीये. तुम्हाला नको वाटत असेल तर इथेच सोडून देतो, मला वाईट वाटणार नाही. अठरा दिवसांचा पाहुणा आहे मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घावणे खाता?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही मागोमाग. तवा तापला, पीठ पसरलं. पाठमोऱ्या राहूनच त्या म्हणाल्या, "मला गाण्यातलं काही कळत नाही. ते म्हणायचे तेवढं येतं. वीस वर्षं या ओट्यापाशी उभे राहून म्हणायचे, मी भाजी चिरत असायची." आणि त्यांनी सुरुवात केली. आवाज साधा, थोडा भरड. पण त्या एकदाही विल्सनच्या चालीकडे वळल्या नाहीत. वळणार कशा? त्यांच्या लेखी ती चाल नव्हतीच. माझ्यासाठी जे उरलेले सूर होते ते त्यांच्यासाठी अख्खं गाणं होतं, त्याला सुरुवात होती, चढ होता, शेवट होता.

"स्पर्धेला तुम्ही होतात?" मी विचारलं.

"पहिल्या रांगेत. चौघं गायला लागले आणि मला गाणं ओळखूच येईना. मला वाटलं, यांनी ऐन वेळी दुसरंच काढलं. बक्षीस मिळाल्यावर ह्यांना विचारलं, आपलं का नाही गायलात." त्या हसल्या, आणि घावणा उलटायला वेळ लावला.

चार संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओळीमागून ओळ त्यांनी म्हणायची, मी म्हणायची. शाळेत मुलांना पाढे शिकवले तसा मी शिकलो. नारळाचा रस आणि घावणे, एकदा तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, एकदा नुसती सोलकढी भात. चौथ्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आता येतं तुम्हाला."

पुन्हा अल कुसैस

पुढच्या शनिवारी आम्ही चौघे आरशांसमोर उभे राहिलो. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मराठी कडव्यातल्या 'दिवा लावून ठेव' या ओळीवर विल्सननी हात वर केला. सगळे थांबले.

मी कागद पुढे केला. चूक माझीच होती. कागदावर शुद्ध धैवत होता आणि मी कोमल लावला होता, कारण नलिनीताई कोमल लावायच्या.

"हे कोणी शिकवलं?" विल्सननी विचारलं.

"नलिनीताईंनी."

इब्राहिमभाई मागच्या खुर्चीत बसले. "हा सदाचा सूर आहे," ते म्हणाले. "सदा असाच चुकायचा."

विल्सन कागद डोळ्यांजवळ धरून उभे होते. "चार वर्षं मी त्याला सांगत होतो, सदा, पेपर बघ. तो म्हणायचा, बघतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, खलास, हा काही सुधारत नाही, आपणच हलू. मी आणि इब्राहिमनं आमचे सूर त्याच्याभोवती सरकवले. पेपरवर कधी लिहिलंच नाही." त्यांनी कागद खाली केला. "मी विसरूनच गेलो होतो. आम्ही अजून तसंच गातोय. ती दोन पोरं आली ती पेपरवर होतं ते बरोबर गात होती. चुकत आम्ही होतो. आणि आम्ही त्यांना म्हटलं, तुमचं जमत नाही."

अवी आरशातून माझ्याकडे बघत होता. "पुन्हा," एवढंच म्हणाला.

पुन्हा गायलो. त्या ओळीवर चारही आवाज जागच्या जागी बसले आणि डोक्याच्या वर, आरशांच्या वर, पाचवा एक आवाज वाजायला लागला. चौघांपैकी कोणीही तो लावलेला नव्हता. मला तो नवा नव्हता. तंबोरा नीट जुळला की न छेडलेला गांधार आपोआप बोलतो, तो मी आमच्या गल्लीत हजार वेळा ऐकला आहे. पण माणसांच्या गळ्यांतून तो निघतो हे सहासष्टाव्या वर्षी कळलं. इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला. इब्राहिमभाईंनी डोळे पुसले आणि त्याला म्हणाले, "यल्ला, पळ, तुझी इस्त्री जळेल."

त्याच संध्याकाळी अवी कढीपत्त्याची कुंडी दोन्ही हातांत धरून निघाला. मी बरोबर होतो, कारण बेल वाजवायला त्याचे हात मोकळे नव्हते.

नलिनीताईंनी दार उघडलं. अवी कुंडी धरून तसाच उभा.

"वहिनी, मी यायला हवं होतं. दोन वर्षं झाली."

"झाली," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला न सांगता आम्ही माणसं बघितली. चुकलं."

"ती जड आहे, आधी खाली ठेवा," त्या म्हणाल्या. त्यांनी गॅलरीचं दार उघडलं, कुंडी कुठे ठेवायची ते दाखवलं, दोनदा जागा बदलायला लावली. मग म्हणाल्या, "बसा. चहा टाकते." अवी त्या घरात शेवटचा जिथे बसला असेल तिथेच बसला असणार, कारण बसताना त्यानं शेजारची, सदाभाऊंची, जागा सोडली.

ऊद मेथा

आपल्या मुलांच्या शाळा, सभागृहं, मंडळं बरीचशी ऊद मेथात. सकाळी तिथल्या फाटकापाशी उभं राहिलं की पुण्यातल्या एखाद्या शाळेसमोर उभं असल्यासारखं वाटतं. फक्त मुलं आईशी इंग्रजीत भांडत असतात.

आमच्या आधी आठवीतल्या चार मुली गायल्या. याच पद्धतीनं, चार आवाजांत, वाद्याशिवाय. 'फोर चेअर्स'नी शिकवलेल्या मुलांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना; या मुलींना सदाभाऊंनी स्वतः कधी शिकवलेलं नव्हतं. त्यांची मास्तरीण मला म्हणाली, शाळा सोडून गेलेली दोन पोरं कॅनडात अशाच एका संचात गातात. विंगेत उभे राहून विल्सन बोटांनी मात्रा मोजत होते.

मग आम्ही. पांढरे कोट इब्राहिमभाईंनी नवीन शिवून घेतले होते. माझा पोटावर घट्ट झाला आणि शेवटचं बटण उघडंच राहिलं. तिसऱ्या रांगेत कडेला नलिनीताई बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मेधा त्यांच्या शेजारी.

खोटं सांगत नाही, पहिलं कडवं बरं झालं नाही. इब्राहिमभाईंचा वरचा सूर फाटला, विल्सनना श्वास पुरेना. दुसऱ्यात सावरलं. तिसऱ्याला अवीनं खर्ज असा धरला की आम्हा तिघांना त्यावर नुसतं उभं राहायचं काम उरलं. ती ओळ आली. मी समोर पाहिलं नाही, पाहिलं असतं तर चुकलो असतो. सलूनमध्ये वाजलं तसं तिथेही वाजलं. एवढ्या मोठ्या दालनात थोडं लहान ऐकू आलं, पण वाजलं.

टाळ्या झाल्या. विल्सननी माइक घेतला आणि सांगितलं की या गाण्यातला एक सूर कागदाच्या विरुद्ध आहे, तो सदानंद सामंतांचा आहे आणि यापुढे मुलांनी तसाच शिकावा. खाली उतरल्यावर त्या चौघींपैकी एक, तन्वी नावाची, माझ्याजवळ आली.

"अंकल, यू वेअर अ लिटल फ्लॅट इन द बिगिनिंग."

"हो गं, सूर खाली लागत होता, जाणवलं मला."

"इट्स ओके. बॅरिटोन इज द हार्डेस्ट. आय सिंग बॅरिटोन."

चहाच्या टेबलापाशी मी नलिनीताईंना शोधलं. त्या गेल्या होत्या. मेधा म्हणाली, गाणं संपल्यासंपल्या दवाखान्यात जायचंय म्हणून निघाल्या. अवी बराच वेळ सभागृहाच्या दाराकडे बघत होता.

निघायचा दिवस

माझं विमान रात्रीचं होतं. दुपारी अविनाशकडे ओळखीची माणसं निरोपाला येऊन गेली, इब्राहिमभाईंच्या घरून सांदणांचा डबा आला. चारच्या सुमारास नलिनीताईंचा फोन आला, मला एकट्यालाच पाच मिनिटं येऊन जा म्हणाल्या.

गेलो. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. ओट्यावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला.

"शाळेनं व्हिडिओ पाठवलाय चौघांचा," त्या म्हणाल्या. "चांगला आहे. मुलीला पाठवला बंगळूरला. पण त्यात मला ह्यांचं सापडत नाही. तुम्ही तेवढं एकट्यानं म्हणता का? घरात आम्हाला तेवढंच ऐकू यायचं."

मी म्हटलं, "नुसतं तेवढं? ऐकणाऱ्याला वाटेल, कोणीतरी बेसूर गातंय."

"ऐकणारी मीच आहे."

त्यांनी मोबाइलवरचं लाल बटण दाबलं आणि माझ्याकडे पाठ करून कांदा चिरायला घेतला. "माझ्याकडे बघू नका," म्हणाल्या. "मी माझं काम करते. तसंच असायचं."

मी गायलो. सगळी कडवी, सगळे उरलेले सूर, मधल्या ओळींत दुसरे गात असतात तेव्हा मी गप्प राहायचं ती जागा मोजून. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर कुकरची शिट्टी झाली, लांबलचक. मी तसाच पुढे गेलो, पण ती पूर्ण ओळ शिट्टीखाली गेली.

संपल्यावर त्यांनी हात धुतले आणि बटण बंद केलं.

"शिट्टी आली मध्येच," मी म्हटलं. "कुकर उतरवा, पुन्हा म्हणतो."

"नको," नलिनीताई म्हणाल्या. "असू दे ती. तेव्हाही व्हायचीच."